सागाखेरीज

कोकणातील मध्यम स्थितीच्या गृहस्थास आपल्या घरासंबंधी एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते, ती ही की, आमचे काम अस्सल सागवानी आहे. दार सागवानी, खिडकी सागवानी, देव्हारा सागवानी. आणि अलीकडे तर मुंजीतला चौरंग व स्वयंपाकघरातले लाटणेदेखील सागवानीच असावे असा आग्रह होऊ लागला आहे. साग थोर आहे याबद्दल आमचा वाद नाही. त्याच्या अंगी तेल असते, वाळवी त्याच्या गाभ्यास सहसा शिवत नाही, पावसाळ्यात तो फारसा फुगत नाही व उन्हाळ्यात फारसा आकसत नाही. दारेखिडक्यांस त्याहून सरस लाकूड मिळणे कठीण. परंतु जे दारास चांगले तेच लाटण्यास, रवीस, भोवऱ्यास आणि पाळण्याच्या कातीव दांड्यास चांगले, हा सिद्धांत कोणी व केव्हा काढला, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

आमच्या पूर्वजांस तरी तो मान्य नव्हता. यज्ञपात्रे पाहावीत. स्रुवा खैराचा, जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची. आणि ज्यांतून अग्नी मंथून काढावयाचा त्या अरणी शमीवर वाढलेल्या अश्वत्थाच्या. श्रौतधर्म आता फार थोड्या घरी उरला आहे. तरी बटूच्या हाती द्यावयाचा दंड पळसाचाच हवा, आणि ग्रहमखात रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर व शमी यांच्या समिधा ज्याच्या त्यालाच जाव्यात, याविषयी आजही कोणी हयगय करीत नाही. यामागे धर्मभावना आहे हे खरेच; पण काम पाहून काष्ठ निवडण्याची सवय ज्या समाजाच्या हाडीमाशी खिळली होती, त्यालाच असे नियम सुचावेत. सर्व पात्रे सागवानी असावीत असे कोणा सूत्रकाराने लिहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हा विषय आमच्या मनात घोळू लागण्यास कारण झाले ते आमचे रोह्याचे घर. पाच बिऱ्हाडांचे हे वडिलोपार्जित घर. पैकी चार बिऱ्हाडे पोटापाण्यासाठी मुंबई, डोंबिवली, पुणे व पेण अशी पांगली आणि मागे एकट्या आमच्या थोरल्या काकू राहिल्या. माजघराच्या पाख्याने मान टाकली तेव्हा सर्वांच्या विचाराने घर उतरविण्याचे ठरले. जुन्या लाकडाचा एक खरेदीदार येऊन त्याने वासे, तुळया व खांब यांवर हातोडी वाजविली, सागाच्या नगांवर खडूने खुणा केल्या आणि उरलेल्या ढिगाकडे बोट करून तो म्हणाला, "हे जंगली लाकूड आहे. भट्टीला जाईल." त्या ढिगात माजघराचा घुसळखांबही होता. काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या खांबाशी ताक घुसळीत आल्या होत्या. दोरीने पडलेली त्याच्यावरची खाच बोटाच्या पेराएवढी खोल होती. काकू काहीच बोलल्या नाहीत. पदराने त्यांनी खांबावरची धूळ पुसली व त्या आत गेल्या.

पेण हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी सर्वत्र ठाऊक आहे. तेथेच आमच्या परिचयाचे एक वृद्ध कातारी आहेत. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब यांवर त्यांचा हात बसलेला. त्यांस आम्ही मुद्दाम रोह्यास घेऊन गेलो. त्यांनी पटाशीने घुसळखांबाची एक ढलपी उडविली. वरचा शंभर वर्षांचा काळपट तपकिरी रंग गेला आणि आतून मधासारखा पिवळा रंग डोकावला. ते म्हणाले, "काका, हा फणस आहे. हा जाळायचा? आज असा मुरलेला फणस पैसे मोजून मिळायचा नाही." मग त्यांनी एकेक नग पाहिला. काळसर पट्ट्यांचा तो ऐन, लालसर वासे किंजळीचे, आणि ओटीच्या तुळईचा एक जड, जांभळट तुकडा शिसवाचा. ज्यास खरेदीदार जंगली म्हणत होता, ते रोह्याच्या आसपासच्या रानातून जाणत्या माणसाने जागा पाहून निवडलेले लाकूड होते. ऐन व किंजळ भाराखाली दबत नाहीत, म्हणून ती छपरास. फणसास सहसा कीड लागत नाही, म्हणून तो माजघरात.

आता कातकामाकडे वळू. लेथवर लाकूड फिरत असता हत्यार त्याच्या रेषांना आडवे जाते. सागाच्या अंगात वाळूच्या जातीचा कण असतो व तो पटाशीची धार बघता बघता बोथट करतो. शिवाय त्याची छिद्रे मोठी व सरळ ओळींत असल्यामुळे पातळ कड काढावयास गेले की कुसळे निघतात. जाड खांबास हे चालून जाते. डबीच्या झाकणास किंवा सोंगटीस नाही. कातण्यास बारीक पोताचे, सर्वत्र सारखे लाकूड हवे. आमच्या रानात त्याची वाण नव्हती. हेदू, ज्यास देशावर हळदू म्हणतात, पिवळसर व लोण्यासारखा कापला जाणारा. गिरण्यांच्या रिळांसाठी एके काळी त्यास मोठी मागणी होती. काळा कुडा तर हस्तिदंताच्या जवळ जाणारा, पांढरा व घट्ट. कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत खेळणी ज्या लाकडाची प्रसिद्धीस आली, ते हेच. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतील खेळण्यांसाठी पांगारा वापरीत, तो इतका हलका की पोराच्या हातून पडला तरी पायाला इजा नाही. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबावी, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगावर बसावी, आणि केवड्याच्या पानाने तिला झिलई द्यावी, ही क्रिया ज्याने एकदा पाहिली त्यास बाजारी रंगाचे खेळणे पुन्हा आवडावयाचे नाही.

(कातारी आणि कातकरी ही दोन नावे पुष्कळ सुशिक्षितही एकच समजतात. कातारी तो लाकूड कातणारा. कातकरी हे नाव खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढलेल्या काताचे. परंतु झाडाची पारख या दुसऱ्यांपाशी अधिक. रोह्याच्या डोंगरकडेच्या वाडीतला एक कातकरी गृहस्थ आमच्या कोयत्यास दांडा बसवीत असता आम्ही त्यास बाभळीचे लाकूड पुढे केले. तो हसून म्हणाला, "बाभूळ हाताला झिणझिण्या आणते, काका. धामण लवते, घाव स्वतः पिते." कुऱ्हाडीच्या दांड्यास व खांद्यावरील कावडीस धामणच का, याचा इतका नेमका खुलासा आम्हांस कोणत्याही पुस्तकात आढळला नाही.)

स्वयंपाकघराची गोष्ट याहून नाजूक, कारण तेथे लाकडास वास, चव आणि रंग या तिन्हींची परीक्षा द्यावी लागते. लाटणे जड, गुळगुळीत व न बाकणारे हवे. शिसव अथवा बाभूळ त्यास योग्य. मुसळास खैरासारखे पाण्यात बुडणारे लाकूड. पोळपाट आंब्याचा चालतो, मात्र आंब्याच्या लाकडात पिष्ट असल्यामुळे त्यास भुंगा लागून पिठी पडू लागते; म्हणून जुने लोक आंब्याचा ओंडा काही महिने पाण्यात बुडवून ठेवीत व मगच चिरीत. बिबळ्याचा पेला ही तर नवलाचीच वस्तू. त्यात रात्री पाणी ठेवले की सकाळी ते पिंगट होते व उजेडात धरले असता निळसर झाक मारते. मधुमेहावर हे पाणी पिण्याचा प्रघात जुना आहे. पण त्या भरवशावर कोणी वैद्य-डॉक्टरांचे औषध सोडू नये, एवढे आम्ही बजावून ठेवतो.

आमच्या घरी खरा पेच पडला तो याच स्वयंपाकघरावरून. घुसळखांब वाचला हे कळताच काकूंनी एकच मागणे केले: त्यातून त्यांस एक रवी करून मिळावी. मागणे किती साधे! पण मिस्त्री ऐकेनात. त्यांचे म्हणणे असे की, फणसाचा पिवळा रंग पाण्यात उतरतो. कोरड्या कणकेस त्याची बाधा नाही, परंतु रोज आंबट ताकात बुडणारी रवी फणसाची करणे म्हणजे ताकास हळद लावणे. हे खोटे नव्हे. ब्रह्मदेशात व सिंहलद्वीपात भिक्षूंची वस्त्रे रंगविण्यास याच लाकडाच्या ढलप्या उकळीत असत. "आजी, तुम्ही सांगाल तर करतो," ते काकूंस म्हणाले, "पण महिन्याने तुम्ही ती फेकाल, आणि खांबही गेला, रवीही गेली." पुतण्यांचे मत पडले की भावनेपुढे रंगाचे काय एवढे! सुनांनी मिस्त्रींची बाजू घेतली. काकू दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "मग रवीला कोणते लाकूड म्हणता?"

मिस्त्रींनी शिवण सांगितली. आणि शिवण घरीच होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा आमच्या परसातील शिवणीचे झाड मुळासकट उलथले होते. त्या दिवशी जिल्ह्यात आंबे, फणस, माड, पोफळी यांची जी पडझड झाली, ती डोळ्यांनी पाहवत नव्हती. लगोलग पावसाळा लागला, आणि कितीतरी उत्तम ओंडे जागच्या जागी बुरशी येऊन कुजले. पडलेले झाड हेही धन आहे व त्याची पहिल्या आठवड्यातच तजवीज करावी लागते, हे तेव्हा फार थोड्यांस सुचले. आमच्या पुतण्याने मात्र ओंड्याचे तुकडे करून दोन्ही तोंडांस मेण फासले, मधला कणा सोडून ते उभे चिरविले आणि पडवीत विटांवर, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असे रचले.

या खटाटोपाचे कारण थोडे समजावून सांगावयास हवे. ओल्या लाकडातील पाणी बाजूंपेक्षा तोंडांतून फार लवकर निघून जाते. म्हणून तोंडे आधी आकसतात आणि तडकतात. दुसरे असे की, लाकूड लांबीत जवळजवळ आकसतच नाही, परंतु घेराच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते. अखंड गोल ओंडा वाळताना कण्यापर्यंत चिरतो तो यामुळेच. कण्यातून चिरून ठेवला म्हणजे ही ओढाताण सैल होते. फळीच्या जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा उघड्यावर वाळविण्याचा जुना हिशेब आहे. पण रोह्यास वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. ते चार महिने लाकूड वाळणे दूरच, उलट हवेतला ओलावा शोषून घेते. तेव्हा कोकणात हा हिशेब थोडा सैल धरावा, आणि नेमके माप साधण्याचे काम माघ-फाल्गुनात करावे. श्रावणात बेताचे बसविलेले डबीचे झाकण होळीला गळून पडते. वाटीसारखी खोल वस्तू असेल तर ओलेपणीच ती जाडसर कातून ठेवावी. व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाडी राखली की ती वाळताना वेडीवाकडी झाली तरी फुटत नाही, आणि मग दुसऱ्यांदा कातून गोल करता येते.

झाड तोडण्याविषयी एक शब्द. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी कितीएक झाडे स्वतःच्या जमिनीतलीही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. फणसाडचे रान १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथील काडीलाही हात लावू नये. हौशी माणसास लाकडाची टंचाई भासते ती बहुधा रानात पाहिल्यामुळे. पाडलेल्या घरांचे वासे, वठलेली परसातली झाडे, वादळाने उलथलेले ओंडे इकडे नजर टाकली तर एका माणसाच्या हयातीस पुरेल इतके लाकूड सापडते, आणि त्यातले जुने असेल ते मुरलेले असते.

शिवण फिकट, हलकी, वासाला निर्मळ, आणि एकदा वाळली की वाकत नाही. मृदंग-ढोलकीच्या खोडांस ती घेतात यातच सारे आले. तिची रवी झाली. तिचे फूल मिस्त्रींनी हाताने कोरले व दांडा लेथवर कातला. घुसळखांबाचे पाच पोळपाट निघाले, दर बिऱ्हाडास एक. शिसवाच्या तुळईची पाच लाटणी. पोळपाटांस जवसाच्या तेलाचा हात दिला, कारण जवस वाळून घट्ट बसते. खोबरेल वाळत नाही व पुढे खवट होते. खाचेचा हातभर तुकडा मात्र मिस्त्रींनी कातलाच नाही. तो तसाच काकूंच्या देवघरात आहे, आणि त्यावर त्या पोथी ठेवतात.

शिवणीच्या दोन फळ्या अजून पडवीत आहेत. डोंबिवलीच्या सूनबाईंना पाळणा हवा आहे, पण त्यांना दिवस भरत आहेत ते आषाढात. मिस्त्रींनी निरोप पाठविला आहे की दांडे आत्ताच, फाल्गुन सरण्यापूर्वी कातून घ्यावेत. पावसात आपण पटाशी हाती धरणार नाही.