आधी मासा दिसला पाहिजे

मराठीत 'माशाला' आणि 'माशीला' यांच्यामध्ये फरक आहे तो एका काना-वेलांटीचा. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्यासारख्या अध्यापकाला त्यात अर्धा गुण कापण्यापलीकडे काही विशेष वाटू नये. परंतु त्या काना-वेलांटीच्या मधल्या जागेत चांगली शहाणीसुरती माणसे आपली सुट्टी, आपला पैसा आणि आपल्या खांद्याचे सांधे खुशाल घालवतात, हे मला २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दक्षिण टोकाला समजले. माशीने मासा धरण्याच्या या छंदाला तिकडे फ्लाय फिशिंग म्हणतात. माशी अर्थातच खरी नव्हे. आकड्याला पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेले ते एक सोंग असते. खाऱ्या पाण्यात तर ते सोंग माशीचेही नसते, कोळंबीचे नाहीतर कुर्लीचे असते. नाव मात्र माशीचेच राहिले आहे. शब्द आपल्या अर्थापेक्षा जास्त जगतात, हे मी वर्गात सांगतो. तिथे ते गळाला लावलेले पाहिले.

मला तिथे नेणारा माझा मित्र मूळचा मालवणचा. वसतिगृहात आम्ही तीन वर्षे एका खोलीत काढली. तो इंजिनियर झाला आणि बावीस वर्षांपूर्वी फ्लोरिडात गेला. मी मराठीचा मास्तर झालो आणि इथेच राहिलो. अधूनमधून बोलणे व्हायचे. त्या वर्षी मात्र त्याने हट्टच धरला. "मास्तर, या सुट्टीत ये. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "एवढ्या लांब जाऊन मासे धरणार, ते खाणार तरी का?" नाही म्हटल्यावर त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. आम्ही ज्या माशाच्या मागे जाणार होतो तो बोनफिश. २०१३ पासून फ्लोरिडात तो धरला तरी सोडून द्यावा लागतो, तसा कायदाच आहे. सुरमईवर वाढलेल्या मालवणी माणसाने असल्या छंदात पडावे, हे मलाही नवलच वाटले.

फ्लोरिडाच्या टोकापासून लहानलहान बेटांची एक माळ समुद्रात गेली आहे. तिला फ्लोरिडा कीज म्हणतात. बेचाळीस पूल ओलांडत एकच रस्ता शेवटच्या की वेस्टपर्यंत जातो. पूर्वी इथून आगगाडी जात असे. हेन्री फ्लॅगलर नावाच्या धनिकाने ती १९१२ साली की वेस्टला पोहोचवली आणि १९३५ च्या चक्रीवादळाने ती मोडून टाकली. आम्ही उतरलो ते बेट लाँग की. फ्लॅगलरच्या रेल्वेने तिथे मासेमारीच्या शौकिनांसाठी तळ उभारला होता आणि झेन ग्रे हा लोकप्रिय कादंबरीकार तिथे गळ घेऊन येऊन राहत असे. त्याच वादळात तो तळही वाहून गेला. मासे तेवढे राहिले.

मायामीहून आम्हाला मित्राच्या मुलीने गाडीने आणून सोडले. गाडी चालवण्याची हौस असलेला हा माणूस मुलीच्या शेजारी मुकाट बसून होता. मी मनात म्हटले, मुलगी मोठी झाली की बाप असाच शेजारच्या जागेवर सरकतो.

पहिले दोन दिवस आम्ही तिथल्या एका वाटाड्याच्या होडीत होतो. होडी चपट्या तळाची. मागे इंजिनावर एक उंच फळी असते; वाटाड्या तीवर उभा राहून लांब बांबूसारख्या दांड्याने होडी ढकलतो. इंजिन चालवले तर मासे पळतात. पाणी गुडघाभर आणि ते मैलोन्मैल. तळाशी कुठे पांढरी रेती, कुठे समुद्री गवत, कडेला तिवरांची झाडे. आपल्या खाडीची आठवण व्हावी, पण पाणी मात्र पेल्यातल्यासारखे स्वच्छ.

दोरी फेकण्याचे शास्त्र मित्राने मला किनाऱ्यावर समजावले. आपल्या गळाला शिसे असते. ते पुढे जाते आणि दोरी त्याच्या मागे. इथे उलटे. माशीला वजन असे नसतेच, वजन दोरीला असते. नऊ फुटी लवचीक काठीने ती दोरी आधी मागे सोडायची, ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे. "सगळी विद्या त्या थांबण्यात आहे," तो म्हणाला. माझ्या टोपीने त्या दिवशी दोनदा पाण्यात उडी घेतली, तेव्हा मी काठी त्याच्या हाती दिली आणि पाहण्याचे काम पत्करले.

हे पाहण्याचे कामच खरे कठीण. बोनफिशच्या अंगावर चांदीचा आरसा असतो. भोवतीची रेती, गवत, उजेड सगळे त्यात उमटते आणि मासा नाहीसा होतो. नाहीशी होत नाही ती त्याची तळावरची सावली. पाण्याची चकाकी मारणारा चष्मा घालायचा, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि पाण्याकडे न पाहता पाण्यातून तळाकडे पाहायचे. भरतीबरोबर तो उथळात येतो, कुर्ल्या आणि कोळंबी हुडकण्यासाठी तोंड चिखलात खुपसतो. तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर येऊन लकाकते. उथळ पाणी म्हणजे त्याच्या दृष्टीने उघडे मैदान. वरून घार, मागून शार्क. त्यामुळे तो इतका भित्रा, की दोरीची सावली पडली तरी पसार.

वाटाड्या घड्याळाच्या भाषेत बोलतो. होडीचे नाक म्हणजे बारा. उजवा हात तीन, डावा नऊ. "दोन वाजता, चाळीस फूट!" असे तो मागून ओरडला की तिकडे माशी टाकायची. माझ्या मित्राची फेक पाहत राहावी अशी होती. पण दर वेळी तो मान वळवून शोधू लागे आणि मासा सापडण्याआधीच निघून जाई. दोन दिवसांत एकही मासा लागला नाही. वाटाड्या गप्प झाला, मीही गप्प झालो.

दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर त्याने मला बोनफिशच्या जन्माची गोष्ट सांगितली. हे मासे अंडी घालायला रात्री खोल समुद्राकडे जातात. पिल्लू असते काचेच्या फितीसारखे, आरपार दिसणारे. सुमारे दोन महिने ते प्रवाहाबरोबर वाहत राहते आणि किनाऱ्याजवळ आल्यावर आधी आखडून लहान होते. मग त्याचा मासा होतो. "मी इकडे आलो तेव्हा माझं तेच झालं, लेका," तो हसून म्हणाला. "आधी लहान झालो, मग मासा."

एवढे बोलून त्याने खिशातून एक इवलीशी बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला.

"काय रे हे?"

"काचबिंदू."

मोतीबिंदू आपल्या घराघरांत ठाऊक असतो. शस्त्रक्रिया झाली की आजोबा पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागतात. काचबिंदूचे तसे नाही. तो दुखत नाही, बहुधा कडेच्या नजरेपासून सुरुवात करतो आणि गेलेली नजर परत देत नाही. औषधाने उरलेली सांभाळायची, एवढेच हाती. "नळीतून पाहिल्यासारखं दिसतं," तो म्हणाला. "नळीत आलं ते स्वच्छ दिसतं. पण नळी कुठं धरायची, ते कळत नाही. बाबांनाही शेवटी दिसत नव्हतं. आम्ही म्हणायचो, वय झालं. रक्ताच्या नात्यात हे येतं, हे तेव्हा कुणाला माहीत? आता पोरीचे डोळे दर वर्षी तपासून घेतो."

मुलगी गाडी का चालवत होती, ते मला तेव्हा उमगले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "उद्या वाटाड्या नको. आपण दोघंच चालत जाऊ. तू बघ, मी टाकतो."

सकाळी भरती लागत असताना आम्ही पाण्यात उतरलो. तळाशी पाकट असतो, म्हणून पाय उचलायचा नाही, घासत पुढे न्यायचा. चाहूल लागली की तो बाजूला होतो. मित्राने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. दोन तास मी तळ वाचत होतो. गवताचा पुंजका, दगड, ढगाची सावली, पुन्हा गवत. वीस वर्षे कविता शिकवताना मी मुलांना सांगत आलो, की ओळीवर थांबू नका, ओळीच्या खाली पाहा. त्या वाक्याचा अर्थ इतक्या काळजीने मी स्वतः कधी पाळला नव्हता.

आणि एक सावली हलली. दगड हलत नाहीत.

"दहा वाजता. पन्नास फूट. आपल्याकडेच येतोय."

खांद्यावरचा हात निघाला. त्याने तोंड वळवले. "खंय रे?" इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून मालवणी ऐकली.

"काठी दाखव. डावीकडे... अजून... थांब. तिथंच."

काठीचे टोक जिथे थांबले तिथे त्याने पाहिलेही नसावे. दोरी मागे गेली, उलगडली, तो थांबला, आणि मग ती पुढे गेली. माशी पाण्यावर पडली ती पिसासारखी.

"पडली. थांब. बघतोय तो. आता ओढ, हळू. मागे येतोय. ओढ!"

दोरी ताठ झाली आणि चाक किंचाळू लागले. शंभर यार्ड दोरी डोळ्यांदेखत समुद्राकडे गेली. तो काठी उंच धरून उभा होता आणि लहान मुलासारखा हसत होता. मासा परत आला, पुन्हा पळाला, पुन्हा आला. अखेर तो दमून पायांजवळ आला, तेव्हा मित्राने हात ओले केले आणि त्याला पाण्यातच धरले. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. आकड्याला उलटे टोक नव्हते. तो सहज निघाला. माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याने एक बोट त्याच्या पाठीवरून शेपटीपर्यंत फिरवले. मग हात सैल सोडला. मासा क्षणभर तिथेच राहिला आणि आरशात गेल्यासारखा दिसेनासा झाला.

"मास्तर," तो म्हणाला, "बरं दिसतं रे तुला."

आता दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तिकडे शनिवारची रात्र असते. थेंब चालू आहेत, उरलेली नजर टिकून आहे. मालवणच्या, मुलीच्या, नोकरीच्या गोष्टी झाल्या की तो विचारतो, "खिडकीतून काय दिसतंय?" काही नाही, नेहमीचेच, असे उत्तर माझ्या ओठांवर येते. पण मी तसे म्हणत नाही. फोन घेऊन खिडकीशी जातो, आधी नीट पाहतो आणि मग सांगतो.