दौंड ते नगर : विहाराची वाट

दौंड सोडून नगरच्या दिशेने निघाले की भीमेच्या पुलावर पुणे जिल्हा संपतो. पलीकडे निमगाव खलू लागते आणि एकंदर दहा-बारा किलोमीटर चाल झाली की काष्टी येते. श्रीगोंदे तालुक्यातील हे गाव घोड आणि भीमा यांच्या खोऱ्यात वसलेले आहे. भोवती उसाचे फड आणि लिंबाच्या बागा, गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक, आणि न्हावरे-इनामगावकडून येणारा रस्ता येथेच नगर रस्त्याला मिळतो. महाराष्ट्राला काष्टी ठाऊक आहे ती शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. दावणीला उभे केलेले बैल, त्यांचे दात पाहणारे शेतकरी, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणारे दलाल, वेसण-म्होरक्या-घुंगुरमाळांची दुकाने, असा तो पसारा असतो. ज्यांनी तो एकदा पाहिला, त्यांच्या मनात गावाचे नाव आणि बैलाची शिंगे एकत्रच राहतात.

जैन साधू-साध्वींच्या लेखी मात्र काष्टी म्हणजे दौंडनंतरचा स्वाभाविक टप्पा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठतो, आठ महिन्यांचा विहारकाळ सुरू होतो आणि पुण्याकडून नगरकडे, किंवा उलट, निघालेल्या ठाण्यांची पावले या वाटेला लागतात. सुमारे ऐंशी किलोमीटरचे हे अंतर आहे. गाडीने ते दीड-दोन तासांत सरते. अनवाणी पायांना पाच-सहा दिवस लागतात.

टप्पे असे का पडले, याचा विचार करण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यातील या भागात मारवाड आणि गुजरातमधून आलेली व्यापारी कुटुंबे पसरली, ती बाजारगावे धरून. किराणा, कापड, आडत, सावकारी यांना बाजारपेठ हवी. आणि बाजारपेठा बैलगाडीच्या एका मजलेच्या अंतरावर वसलेल्या होत्या. भरलेली गाडी सकाळी निघून बाजार आटोपून दिवे लागायच्या आत घरी परतली पाहिजे, हा त्या काळचा हिशेब होता. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि स्थानकांभोवतीच्या पेठांना जोर आला. बैलाची मजल आणि साधूचा एका सकाळचा विहार यांत फारसे अंतर नसते. बारा-पंधरा किलोमीटरवर दोन्ही थांबतात. म्हणून जेथे दुकान होते तेथे गोचरीचे घर होते, आणि घरे चार झाली की स्थानकाची खोली उभी राहिली. विहाराचा नकाशा असा दुकानदारीने आखला गेला आहे.

त्या नकाशावर एक काळा डागही आहे, आणि व्यापारी समाजाच्या मासिकात तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खते जाळली. ते लोण श्रीगोंद्याच्या बाजूलाही आले. सावकारांत मारवाडी आणि गुजराती अधिक होते. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. कुळाचे दुःख आणि सावकाराचे व्याज यांचा तो हिशेब इतिहासकारांनी मांडला आहेच. येथे सांगायचे ते इतकेच, की ज्या गावांत त्या वर्षी वह्या जळाल्या त्याच मुलखात आज मुक्कामाला जागा नसेल तर शेतकरी घरची ओसरी झाडून देतो, मुख्याध्यापक शाळेची खोली उघडतात, देवळाचे पुजारी सभामंडप मोकळा करतात.

या मुलखाला विहाराचे आणखी एक कारण आहे. आचार्य आनंदऋषीजी महाराज नगर जिल्ह्याचेच. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्म, १९१३ साली मिरी येथे दीक्षा, पुढे श्रमणसंघाचे आचार्यपद, आणि १९९२ साली नगरमध्येच देहावसान. भारताचा मोठा भाग त्यांनी पायी पाहिला. नगरच्या आनंदधामात त्यांची समाधी आहे; पाथर्डीची धार्मिक परीक्षा बोर्डाची संस्था त्यांच्याच प्रेरणेची. त्यामुळे नगरकडे जाणारी प्रत्येक वाट स्थानकवासी साध्वींना ओळखीची असते. कमंडलू-पिंछी घेतलेले दिगंबर मुनी आणि श्वेतांबर मूर्तिपूजक संघाडेही अशाच वाटांनी जातात. त्यांचे आचार काही बाबतींत वेगळे असले तरी डांबर सर्वांना सारखेच तापते.

चालण्याचे शास्त्र मात्र फार जुने आहे. पाच समितींत पहिली ईर्यासमिती. चालताना पुढची युगमात्र भूमी न्याहाळत पाऊल टाकायचे, बोलत-वाचत चालायचे नाही, हिरवळ, मुंग्यांची रांग, ओली माती टाळायची. ‘युग’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. जुवाच्या लांबीइतकी, म्हणजे सुमारे चार हात जमीन. काष्टीच्या बाजारात विकत मिळणारे जू हेच साधूच्या दृष्टीचे माप असावे, हा योगायोग गमतीचा खरा. पण ज्यांनी हे माप ठरवले, त्यांच्यासमोर बैलगाडीचा रस्ता होता. ताशी ऐंशीच्या वेगाने पाठीमागून येणारे वाहन चार हातांत दिसत नाही.

अडचण येथे सुरू होते. विहारकाळ आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. हिवाळ्याच्या पहाटे या रस्त्यावर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात. अनेकांना मागचा दिवा नसतो, ऊस बाजूंना बाहेर आलेला असतो, आणि त्यांना ओलांडून जाणारी मोटार साइडपट्टीवर उतरते. साइडपट्टीवरच साध्वी चालत असतात. देशात निरनिराळ्या महामार्गांवर विहार करताना वाहनांच्या धडकेने साधू-साध्वींचे प्राण गेल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. त्यातूनच गावोगावी तरुणांचे विहारसेवा गट उभे राहिले. त्यांत दुकानावर बसणारी मुले आहेत, महाविद्यालयीन मुली आहेत, संगणकाची नोकरी करणारे आहेत. मित्रमंडळी जमवून, झोप मोडून, मोबदल्याशिवाय चालणे हे त्यांचे काम. त्याला कोणी ट्रेकिंग म्हटले तर ते हसतील, पण महिन्याकाठी त्यांची चाल एखाद्या गिर्यारोहकापेक्षा कमी भरत नाही.

दौंड ते काष्टी हा एक टप्पा त्यांच्या दृष्टीने पाहावा. सेवक अंधारातच जमतात. चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे, शिट्ट्या, लाल दिव्याच्या काठ्या वाटून घेतल्या जातात. दोघे पुढे, दोघे मागे, मध्ये साध्वी. शक्यतो रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसत राहते. नदीवरचा पूल हा सर्वांत जपण्याचा भाग, कारण पुलावर बाजूला उतरायला जागा नसते. तेथे मागचा सेवक थांबून वाहनांना हात करतो आणि ठाणी ओलांडून गेल्यावर धावत पुढच्यांना गाठतो. पूल संपला की मुरमाची कड लागते. मुरूम तळव्याला डांबरापेक्षा बरा, पण त्यात बाभळीचे काटे आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात. ऊन चढले की साध्वी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालू लागतात. रंगवलेला पट्टा काळ्या डांबरापेक्षा कमी तापतो. नवख्या सेवकाला हे कळायला एक उन्हाळा लागतो.

विजेरीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अग्निकायाची विराधना नको म्हणून अनेक साध्वी आपल्यासाठी दिवा वापरू देत नाहीत. सेवकाने भक्तीने त्यांच्या पावलांपुढे प्रकाश टाकला तर त्या थबकतात. प्रकाश मागे फिरवायचा, येणाऱ्या वाहनाला दिसेल असा. तो वाहनचालकासाठी असतो. मुळात शास्त्राची आज्ञा जमीन नीट दिसेल अशा उजेडातच चालण्याची आहे. उन्हाच्या भीतीने पहाटे चारला निघण्याची जी पद्धत काही ठिकाणी रूढ झाली, ती आगमाला धरून नाही आणि अपघाताच्या वेळाही त्याच असतात. सूर्योदयानंतर निघावे, टप्पा लहान करावा आणि गरज पडली तर दुपारनंतर उरलेले चालावे, असा आग्रह आता अनेक संघ धरतात. तो रास्त आहे. जाकिटांवर जेवढा खर्च होतो, तेवढाच विचार निघण्याच्या वेळेचा व्हायला हवा.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. पात्रे, वस्त्रे, रजोहरण, शास्त्राची पोथी, एवढी उपधी प्रत्येक साध्वी स्वतःच्या खांद्यावर वाहते. सेवकांना ती घ्यावीशी वाटते. काही संघाडे वृद्ध साध्वींपुरते तसे करू देतात, काही मुळीच नाही. वृद्ध आणि आजारी साध्वींसाठी चाकांची खुर्ची आली आणि तिच्यावरही मतभेद आले. पण खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला पगार किती, तो जेवला कधी, हा प्रश्न त्या वादात क्वचितच विचारला जातो.

तो विचारायला आपलेच शास्त्र सांगते. पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध आणि छविच्छेद यांच्यानंतर ‘अतिभार’ येतो, म्हणजे पशूवर किंवा माणसावर शक्तीबाहेर ओझे लादणे. पाचवा अन्नपाणी तोडणे. प्रतिक्रमणात ही नावे नित्य उच्चारली जातात. समाजातील अनेक तरुण आज शिक्षण-नोकरीसाठी परदेशी जातात. कोणी सुट्टीत एखाद्या सेवासंस्थेत काम करतात आणि मित्रांबरोबर डोंगर चढतात, थेट दक्षिण अमेरिकेच्या अँडीजपर्यंत. पेरू देशातील माचू पिच्चूला जाणारी इंकांची पायवाट सुमारे त्रेचाळीस किलोमीटरची, चार दिवसांची. तिच्यावरची सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे, म्हणजे नगर जिल्ह्यातीलच कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) अडीच पटीहून किंचित अधिक. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्याची तेथे पंचाईत होते, कारण बटाट्याची ती जन्मभूमी. मका, किनोआ आणि आपल्या राजगिऱ्याचे भावंड असलेली किविचा यांवर दिवस काढता येतात. परंतु तेथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट निराळी आहे. प्रवाशांचे तंबू, भांडी, शिधा स्थानिक हमाल पाठीवर वाहतात. पूर्वी त्यांच्यावर बेसुमार ओझे लादले जाई. २००१ साली पेरूने हमालांसाठी कायदा केला, ओझ्याला वीस किलोंची मर्यादा घातली, आणि वाटेच्या तोंडाशी गाठोडी काट्यावर तोलली जाऊ लागली. वाटेवर दररोज हमालांसह पाचशेच माणसे सोडली जातात. अतिभाराचा काटा असा डोंगराच्या पायथ्याशी ठेवता येतो, तर तो विहारातल्या खुर्चीपाशी, दुकानातल्या हमालापाशी आणि काष्टीच्या बाजारातून कोंबून भरून निघालेल्या जनावरांच्या टेम्पोपाशीही ठेवता येईल.

गोचरीची अडचण वर्षागणिक वाढते आहे. साध्वीसाठी मुद्दाम शिजवलेले अन्न तिला चालत नाही. घरच्या स्वयंपाकातून थोडे थोडे घ्यायचे, पाणीही अचित. बाजारगावांतील मुले पुण्याला स्थायिक झाली, दुकाने बंद झाली, आणि ज्या गावी एकेकाळी दहा घरे होती तेथे एखादे म्हातारे जोडपे उरते. मग टप्पा लांबतो, किंवा मागून डबे घेऊन गाडी येते आणि आधाकर्मी आहाराचा दोष लागतो. हे टाळायचे तर रस्त्यावरच्या उरलेल्या घरांना धरून राहावे लागेल. पुण्यातल्या मुलाने विहारकाळात आठवडाभर गावच्या घरात चूल पेटती ठेवली, आई-वडिलांना तेथे आणून ठेवले, तर ती सेवा जाकीट घालून चालण्याहून उणी नाही. शाकाहारी शेतकरी कुटुंबांकडेही गोचरी होते. वारकरी माळकरी घरांतून मिळणारी ज्वारीची भाकरी आणि ताक अनेक साध्वींनी आनंदाने स्वीकारले आहे.

काष्टीहून पुढे श्रीगोंद्याच्या कारखान्याच्या बाजूने मढेवडगाव, लोणी व्यंकनाथ, मग कोळगाव असे टप्पे पडतात. चिखलीच्या घाटात चढ लागतो, उसाची हिरवाई मागे पडते, माळ मोकळा होतो आणि वारा अंगावर येतो. त्यानंतर नगर.

सेवक मात्र तेथवर जात नाहीत. दौंडचे सेवक काष्टीला ठाणी पोहोचवतात, मांगलिक ऐकतात आणि पुढच्या सकाळी श्रीगोंद्याकडची मुले जबाबदारी घेतात. कोणी कोठून कोठे चालायचे याची यादी आदल्या रात्रीच मोबाइलवर फिरलेली असते. शनिवार शक्यतो टाळतात, कारण त्या दिवशी पहाटेपासून जनावरांच्या गाड्यांनी रस्ता भरतो आणि काष्टीतल्या दुकानदारांना मान वर करायला सवड नसते. परतीचा प्रवास मोटारसायकलवर होतो. येताना तीन तास लागले ते अंतर पंधरा-वीस मिनिटांत मागे जाते, आणि नऊच्या सुमारास दौंडच्या पेठेत दुकानांची शटर वर होऊ लागतात.