सेशनची टिपणे

१.
एचटीटीपीला कोणी लक्षात राहत नाही. प्रत्येक विनंती त्याला नवखीच. यावर १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकी काढली. जावा सर्व्हर त्या कुकीत जेसेशनआयडी नावाने एक लांबलचक खूण पाठवतो. बाकी सगळा संसार, म्हणजे सेशन, सर्व्हरच्या हीपमध्ये (मेमरीत).

२.
टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये काही बदलले नाही, तर सेशन शेवटच्या विनंतीनंतर ३० मिनिटे जगते. लॉगआउट कोण करतो? टॅब बंद केला की झाले. गर्दीच्या साइटवर हीपमधली बरीचशी जागा एसटीच्या सीटवरच्या रुमालांची. माणसे केव्हाच उतरून गेलेली.

३.
वेब.एक्सएमएलमध्ये टाइमआउट मिनिटांत लिहायचा, कोडमध्ये सेकंदांत. शून्य लिहिले तर सेशन लगेच संपत नाही. कधीच संपत नाही.

४.
एका सेशनमध्ये ५० केबी. लाख सेशन. ५ जीबी.

५.
जेएसपी पान न मागता सेशन उघडते. नको असेल तर पानावर तसे लिहावे लागते. सर्च इंजिनचा बॉट सहसा कुकी परत देत नाही, म्हणून प्रत्येक पानाला नवे सेशन. सेकंदाला १०० पाने, टाइमआउट ३० मिनिटे: १,८०,००० सेशन, ग्राहक एकही नाही. टॉमकॅटमध्ये यासाठी क्रॉलर सेशन मॅनेजर व्हॉल्व्ह आहे. तो आपणहून चालू होत नाही.

६.
‘रॅम वाढवा.’ बैठकीत हे वाक्य नेहमी सगळ्यात आधी येते.

हीप साधारण ३२ जीबीच्या आत असेपर्यंत जेव्हीएम ऑब्जेक्टचा पत्ता ४ बाइटमध्ये बसवते. त्यापुढे तोच पत्ता ८ बाइट खातो. म्हणून ३१चा हीप ३४ केला, तर कधी कधी आधीपेक्षा कमीच माल मावतो. बिल मात्र ३४चे.

७.
लोड बॅलन्सरवर ‘स्टिकी’ लावले की एका माणसाच्या विनंत्या एकाच सर्व्हरकडे जातात. तो सर्व्हर पडला की त्या सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या.

सेशन रेडिससारख्या बाहेरच्या साठ्यात नेले की हे टळते. पण मग आत ठेवलेली प्रत्येक वस्तू सिरियलाइज होऊन नेटवर्कवरून ये-जा करते. शोधाच्या पाचशे ओळी ‘असू देत जवळ’ म्हणून सेशनमध्ये कोंबणाऱ्याला त्याची किंमत इथे मोजावी लागते. सेशनमध्ये युजर आयडी आणि दोन-चार बारीक गोष्टी पुरतात, असे माझे मत. ते फारसे कोणी ऐकत नाही.

८.
विनंती हाताळणारा थ्रेडपूलमधला थ्रेड काम संपल्यावर मरत नाही. थ्रेडलोकलमध्ये ठेवलेले रिमूव्ह केले नाही, तर पुढच्या विनंतीला ते आयते मिळते. एकाचे नाव दुसऱ्याच्या पानावर.

९.
मेमरी लीकवरचा प्रचलित उपाय: रोज रात्री रीस्टार्ट. पण टॉमकॅट अनेक वर्षे नीट बंद होताना सेशन फाइलमध्ये लिहून ठेवत असे आणि उठल्यावर परत भरत असे; म्हणजे सेशनचा पसारा तसाच.

१०.
लीक शोधायला काढलेला हीप डंप, म्हणजे हीपची फाइलमधली प्रत, कोणालाही मेल करू नका. त्यात लोकांची नावे, टोकन, कधी पासवर्डही साध्या अक्षरांत वाचता येतात.