कळलावी

वाशिम,
पोळ्याचा दुसरा दिवस

चि. छोटीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या गुच्छाचा फोटो पाहून तुझ्या बाबांनी रात्रीच फोन केला आणि ते फूल आत्ताच्या आत्ता बाहेर टाक म्हणाले, हे वहिनीकडून समजले. कारण काही त्यांनी सांगितले नाही. सांगणारही नाहीत, म्हणून मी लिहिते.

तिकडे नेदरलँड्समध्ये ग्लोरिओसा म्हणून विकतात ते फूल म्हणजे आपली कळलावी. तुझ्या गुच्छातले गडद लाल आहे. आपल्याकडचे उमलताना हिरवट-पिवळे असते, मग पाकळ्या मागे वळत जातात आणि टोकाकडून केशरी, लाल होत पेटतात. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हटले ते उगीच नाही. मृगाचा पाऊस पडला की जमिनीतून कोंब येतो. पानांची टोकेच तणाव्यासारखी वळतात आणि त्यांच्या आधाराने वेल कुंपणावर चढते. पोळ्याच्या सुमारास फुलते आणि दिवाळीपर्यंत वाळूनही जाते.

आता नावाचे. कळ म्हणजे वेणा आणि कळ म्हणजे भांडणही. या वेलीला दोन्ही चिकटले. माझ्या आजीला, म्हणजे तुझ्या पणजीला, अडलेल्या बाळंतिणीकडे बोलावत. रात्री-अपरात्री बंडी जुंपून माणूस दारात येई. ती कळलावीचा कांदा उगाळून बाईच्या तळपायाला लेप लावी, आणि मूल बाहेर आले रे आले की पहिल्यांदा तो लेप धुऊन काढी. एक क्षणही उशीर झाला तर गर्भाशय खाली ओढले जाते, अशी तिची पक्की समजूत होती. जुन्या निघंटूंतही हिला ‘गर्भनुत्’, गर्भ ढकलणारी, असे नाव आहे. आजीने किती जणींना सोडवले याची मोजदाद नाही. किती जणी दगावल्या हेही कुणी मोजले नसेल, आणि तो विचार मला छळतो. आज कुणी असे करायला निघाले तर मी हात धरीन.

दुसरा अर्थ आपल्या घराला भोवला. या वेलीचे फूल किंवा कांदा कुणाच्या घरात लपवला की त्या घरात भांडणे लागतात, असे लोक मानतात. म्हणून कुणी फूल उंबऱ्याच्या आत आणत नाही. आजीची वेल गोठ्यामागच्या कुंपणावर होती. 1984 साली, वाशिम अजून अकोला जिल्ह्यात होते तेव्हा, माझे बाबा आणि काका यांच्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजले. विहीर आटत चालली होती, मोटर एक आणि वावरे दोन. पण गावात बोलले गेले ते एवढेच, की दारात कळलावी पोसली, मग आणखी काय होणार? बाबांनी कुदळीने वेल उपटली आणि धुऱ्यावर फेकली. तुझे बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते, शेजारीच उभे होते. वाटणी तरीही झालीच. आजी बरेच दिवस बाबांशी बोलली नाही, आणि मला आजही वाटते की तिच्यावर अन्याय झाला.

गंमत अशी की संस्कृतात कलि म्हणजे भांडण, आणि या वेलीची दोन नावे शेजारी-शेजारी सापडतात: कलिकारी आणि कलिहारी. एक भांडण करणारी, दुसरी हरण करणारी. आजीला हे माहीत असते तर तिने बाबांना ऐकवले असते.

भीती मात्र सगळीच खोटी नाही, आणि ही गोष्ट नीट वाच. आयुर्वेदात धोतरा, रुई, गुंज यांच्याबरोबर ही उपविषांत मोजली आहे. तिच्यात कोल्चिसिन असते. तेच द्रव्य डॉक्टर अगदी मोजक्या मात्रेत युरिक ॲसिडच्या सांधेदुखीवर देतात, आणि त्यासाठी तमिळनाडूत शेतकरी बियांकरिता कळलावीचे पीक घेतात. तिचे फूल तिथले राज्यफूलही आहे. पण कोल्चिसिन पेशींचे विभाजन थांबवते. म्हणून जिथे पेशी भरभर नव्या होतात तिथे आधी घाला पडतो: आतडी, हाडांतला मगज, केस. काही तासांनी ओकाऱ्या-जुलाब सुरू होतात, मधे थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि मग शरीर ढासळते. उतारा हाताशी नसतो. कांदा सर्वांत विषारी, पण पान, फूल, बी, काहीच निर्धोक नाही. तेव्हा गुच्छ उंच ठेव, लेकराच्या आणि मांजरीच्या तोंडी पाकळी जाऊ देऊ नकोस, फुलदाणीतले पाणी मोरीत ओत आणि हात धू. एवढे केलेस तर टाकायची गरज नाही. बाबांना मी सांगते.

फेकलेला कांदा धुऱ्यावर मेला नाही. पुढच्या मृगात तिथेच कोंब आला. नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो तो, म्हणून लांगली हे नाव. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. तो मोडला की त्या फाट्याला कोंब येत नाही, म्हणून हलक्या हाताने काढावा लागतो. रानातल्या वेली औषधवाल्यांसाठी खणून नेतात, दरवर्षी कमी दिसतात. म्हणून मी तिथला एक फाटा आणून मागच्या भिंतीशी जाळीच्या आत लावला आहे, मुलांचा हात पोचणार नाही असा. यंदा तिला अकरा फुले आली. काकूंनी भिंतीपलीकडून पाहिली आणि म्हणाल्या, आत्याबाईंचीच ना गं ही?

आजीला त्या आत्याबाई म्हणत. मी हो म्हटले. दिवाळीत येशील तेव्हा वेल वाळलेली असेल, पण कांदा कुठे निजला आहे ती जागा तुला दाखवीन.

तुझी
आत्या