कोळी असल्याचा पुरावा

सागरी सेतूच्या कामापोटी मच्छीमारांना भरपाई मिळणार असं कळलं आणि शिवडी कोळीवाड्यात कागदांची शोधाशोध सुरू झाली. होडीची नोंदणी, परवाना, सोसायटीची पावती. आमच्या आत्याकडे यातलं काहीच नव्हतं. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, आकडीने चिंबोऱ्या काढायच्या, शिंपल्या वेचायच्या आणि टोपली घेऊन नाक्यावर बसायचं, हा तिचा जन्माचा धंदा. “मासेमारी करता, त्याचा पुरावा?” असं विचारल्यावर तिने चिरा पडलेले दोन्ही हात टेबलावर ठेवले. अर्जात त्याला रकाना नव्हता.

उलट मी. नोकरी लोअर परळला, होडीत पाय पडतो तो नारळी पौर्णिमेला. पण होडी वडिलांच्या नावावर आणि माझ्या दाखल्यावर सोनकोळी, विशेष मागास प्रवर्ग. कागदोपत्री मी आत्यापेक्षा पक्का कोळी!

आमच्या आजोबांना कोळी असणं सिद्ध करावं लागलं नाही. इंग्रजांनी 1680 मध्ये शिवडीचा किल्ला बांधला, त्याआधीपासून मुंबईच्या या बेटांवर कोळी होतेच. मग भराव पडले, बंदरं झाली, कापसाची गोदामं आली, समोर माहुलला तेलाच्या टाक्या उभ्या राहिल्या. मासा लांब गेला. त्याच चिखलात फ्लेमिंगो उतरतात, ते बघायला कॅमेरेवाले येतात. चिंबोऱ्या काढणाऱ्या बाया मात्र त्यांच्या फोटोत क्वचितच असतात. ज्या सेतूपायी भरपाई, त्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचं 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालं, तो शिवडीतूनच निघतो.

धंदा आटला तसे सण मोठे झाले. एका रंगाच्या साड्या, डीजे, कोळीगीतं. मीही नाचतो, आणि त्यात खोटं काही नाही. पण आत्या रोज लुगडं नेसून चिखलात उतरते, तिची सून वर्षातून दोनदा मिरवणुकीसाठी नेसते. कोळीपण अंगावरून दाखल्यावर आणि दाखल्यावरून स्टेजवर गेलं आहे.

आता कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न आहे. नुसत्या घरांभोवती रेघ ओढून भागणार नाही. मासळी वाळवायची, जाळी विणायची, पावसाळ्यात होड्या शाकारायची जागा नकाशावर आली नाही, तर उरेल ती फक्त वस्ती. वाड्यातल्या माझ्या वयाच्या पोरांनो, मिरवणुकीला येता तसे सीमांकनाच्या सभांनाही या.