सेकंदकाटा

१९८८ साली बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि आमच्या खडवलीत पहिला प्रश्न आला, "मुंबई युनिव्हर्सिटीत नंबर लागला नाही वाटतं?" माझं कॉलेज एसएनडीटीचं, चर्चगेटला. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं बायकांचं विद्यापीठ, आणि त्यातलं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४चं. मुंबई विद्यापीठापुढे ते लहानच. त्यात नर्सिंग! बेडपॅन उचलायला चार वर्षं शिकायचं कशाला, हे आजीला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मलाही.

पहिलं वर्ष मी घरूनच ये-जा केली. आई भाताच्या पेजेची खळ देऊन युनिफॉर्म कडक करायची. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी स्टेशनपर्यंत चिखल तुडवायचे. पहाटेच्या कसारा लोकलमध्ये एक मावशी माझ्यासाठी जागा धरून ठेवायच्या. त्या वासिंदला चढायच्या. मुंबईतल्या एका सरकारी इस्पितळात वॉर्डातल्या मावशी, शाळा चौथीपर्यंत.

नाडी मोजायची परीक्षा जवळ आली होती. बारावी पास झाले म्हणून मामाने दिलेलं सोनेरी घड्याळ माझ्या मनगटावर होतं. दिसायला झकास, पण सेकंदकाटाच नाही. मावशींनी आपलं किल्लीचं एचएमटी काढून माझ्या हातात ठेवलं. "मला काय गो, गाडीच वेळ सांगते." आणि मनगट पुढे केलं.

मग टिटवाळा ते आंबिवली रोज तेच मनगट. तीन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. हे कॉलेजने शिकवलं. बाकीचं मावशींनी. "अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नको, चुकार ठोका निसटतो." "आधी हात चोळून ऊन कर, गार हात लागला की पेशंट दचकतो." जड माणसाला कुशीवर वळवताना आधी त्याचा पलीकडचा गुडघा दुमडायचा, हेही त्यांनीच बाकावर पिशवी लोळवून दाखवलं. समोरच्या भाजीवाल्या बायका हसून बेजार.

पुढे वॉर्डात अर्धांगाच्या एका आजोबांना मी एकटीने वळवलं. इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं, "कुठल्या पुस्तकात वाचलंस?" मी गप्प राहिले. मावशींचं नाव घ्यायला हवं होतं. पण नाव मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी हॉस्टेल मिळालं, गाडी सुटली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच पहाटेची लोकल मुद्दाम धरली. मावशी रिटायर होऊन गावी गेल्या होत्या. कुठल्या, ते डब्यात कुणालाच सांगता आलं नाही. वासिंदला दोनदा उतरले. पण विचारणार काय? इस्पितळातल्या मावशी कुठे राहतात? वर्षभर त्यांचे ठोके मोजले, नाव मात्र एकदाही विचारलं नाही.

एचएमटी माझ्याकडेच आहे. रोज किल्ली देते.