पाठ टेकताना

लक्ष्मीनगरात, आठ रस्ता चौकाच्या अलीकडे, माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगी सायकलवरून पडली. सिमेंट रोडच्या सांध्यात पुढचं चाक गेलं आणि दहा-अकरा वर्षांची ती पोर बाजूला फेकली गेली. पडणारा माणूस हात पुढे करतो आणि आई गं म्हणतो, हे मी जन्मभर पाहत आलोय. हिनं हनुवटी छातीशी घेतली, अंगाचं मुटकुळं केलं आणि टेकता टेकता अख्खा हात फट्‌दिशी रस्त्यावर आपटला. मग उठून दप्तर झटकायला लागली. मी स्कूटर लावून धावलो. "लागलं का गं?"

"नाही आजोबा, उकेमी केली ना."

पडली ती. लागलं मला. 'आजोबा' हा शब्द सावकाश पचवला, पण 'उकेमी' काही डोक्यातून जाईना. आठवडाभरात विचारत विचारत मी तिच्या ज्युदो क्लबात पोचलो.

क्लब म्हणजे समाजभवनाचा वरचा मजला. लग्नाची तारीख असली की मॅट भिंतीला रचून ठेवायच्या आणि क्लासला सुट्टी. एका मॅटवर हळदीचा डाग आहे, तो आता निघायचा नाही. कोपऱ्यात कूलर घरघरतो. शिकवायला एक सर आणि एक मॅडम. सर दिवसभर कचेरीत आवक-जावक बघतात. त्यांची बोटं पाहण्यासारखी आहेत: पेरं सुजून गाठी झालेल्या, दोन बोटांना पांढरी चिकटपट्टी, करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. समोरच्याच्या जाड सदऱ्याची कॉलर वीस-बावीस वर्षं धरून ठेवली की असं होतं म्हणे. त्या बोटांनी ते पोरांच्या पट्ट्यांच्या गाठी मात्र फार नाजूकपणे बांधतात.

"आमच्याइथं पयले पडाले शिकवतो, काका. तेच उकेमी," सर म्हणाले. "पाडाले मंग."

पडणं आणि पाडणं यांत एका कान्याचं अंतर. आणि हा खेळ ज्यानं उभा केला त्याचं नाव कानो असावं, हे मला फारच आवडलं.

जिगोरो कानो, जन्म 1860. अंगानं किरकोळ, शाळेत दांडगट पोरांचा मार खाल्लेला. त्याला जुजुत्सू शिकायचं होतं, पण सामुराईंचे दिवस सरले होते आणि जुन्या विद्येला कुणी विचारत नव्हतं. ती विद्या जाणणारे बरेच जण पोटासाठी हाडं बसवायचं काम करत. म्हणून हा विद्यार्थी तोक्योत हाडवैद्यांच्या पाट्या शोधत फिरायचा आणि आत जाऊन विचारायचा, तुम्हाला जुजुत्सू येतं का? अशा एका हाडवैद्यानं दाखवलेल्या वाटेनं 1877 मध्ये त्याला हाचिनोसुके फुकुदा हे गुरू मिळाले. त्याच वर्षी इकडे नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली.

हाडवैद्य म्हटल्यावर मी तोक्योत कसला थांबतो, मी मनानं आमच्या नागपूरच्या महालातच गेलो.

आठ वर्षांचा होतो. पेरूच्या झाडावरून पडलो आणि डावं कोपर भलत्याच दिशेला गेलं. बाबा तेव्हा एम्प्रेस मिलमध्ये होते. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. त्यांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि महालात एका आखाड्याच्या मागच्या खोलीत नेलं. आत तिळाच्या तेलाचा, आंबेहळदीचा आणि रक्तबोळाचा वास. कोनाड्यात शेंदरी मारुती, भिंतीला टेकवून ठेवलेल्या बांबूच्या कामट्या. दाराबाहेर आखाड्याची लाल माती दिसत होती. ताक, तेल, हळद पाजून मऊ केलेली ती माती मला खावीशी वाटली होती, हे अजून आठवतं. वस्ताद ठेंगणे, कान फुटून फुलकोबीसारखे झालेले. त्यांनी माझा हात नुसता तळव्यावर तोलून धरला. जणू भाव करायला घेतलंय. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. दाराबाहेर कुठंतरी पाहत म्हणाले,

"तुया घरी मांजर हाये का बे?"

"आहे."

"कोन्त्या रंगाची?"

"पांढरी. पण शेपटी–"

कट्. डोळ्यांपुढे काजवे चमकले, मी किंचाळलो आणि कोपर जागेवर.

"शेपटीचं राह्यलं," वस्ताद म्हणाले.

"काळी!" मी रडत रडत म्हणालो.

त्यांनी लेप लावला, कामट्या बांधल्या. पैसे घेतले नाहीत. मारुतीपुढे नारळ ठेवायला सांगितलं. परतताना बाबा सायकल हातात धरून चालले, मला हादरे बसू नयेत म्हणून. महालापासून घरापर्यंत. वाटेत एकदाच बोलले. "पण आपली मांजर तर पूर्ण पांढरी आहे ना रे?" खरंच होतं ते. काळी शेपटी शेजारच्या मांजराची. घाईत मी कुणाचीही शेपटी कुणालाही लावली होती.

ज्युदोत म्हणे फेकण्याआधी समोरच्याचा तोल काढून घ्यायचा असतो. त्याला कुझुशी म्हणतात. तोल गेला की फेकणं हे किरकोळ काम. आमच्या वस्तादांनी माझा तोल मांजरीच्या शेपटीवरून घालवला.

फुकुदांची पद्धत मात्र सरळ होती. डाव कसा करायचा असं कानोनं विचारलं की ते त्याला उचलून आपटायचे. पुन्हा विचारलं की पुन्हा. याच फुकुदांची नात केइको पुढे कानोंकडेच शिकली. बाईमाणूस म्हणून पाचव्या दानवर, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीवर, वर्षानुवर्षं अडवून ठेवली गेली आणि अमेरिकेत दहावा दान मिळाला तेव्हा, 2011 साली, अठ्ठ्याण्णव वर्षांची होती. क्लबातल्या मॅडमनी ही गोष्ट मला चहा ओतता ओतता सांगितली. त्यावर शेरा काही मारला नाही.

कानोंनी आपली शाळा 1882 मध्ये एइशोजी नावाच्या देवळात काढली. बारा चटयांची जागा, नऊ शिष्य. आपटाआपटीनं जमीन खचायची, तेव्हा कानो कंदील घेऊन खाली शिरायचे आणि तुळया दुरुस्त करायचे. समाजभवनाच्या खालच्या मजल्यावर रोज भिशीतल्या बायका बसतात. छताचे पोपडे चहात पडतात, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणजे आपटाआपटीचा हा त्रास जुनाच, हे कळून मला बरं वाटलं.

आपल्याकडे पैलवानाची थोरवी सांगायची तर म्हणतात, याच्या पाठीला माती लागली नाही. इथं पहिल्याच दिवशी शंभरदा पाठ टेकायची. 1952 साली हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांना हरवून ज्यानं सुवर्णपदक नेलं तो शोहाची इशी कुस्तीत आला ज्युदोतून. त्याच्या पाठीनं किती चटया झिजवल्या असतील, असा हिशेब मी उगाच करत बसतो. कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबांबद्दलचं माझं प्रेम त्यानं कणभर कमी होत नाही.

परवा सरांनी मलाच मॅटवर बोलावलं. "पट्ट्याच्या गाठीकडे पाहा काका, डोकं मागं जाऊ देऊ नका." मला कुठला पट्टा! पायजम्याच्या नाडीकडे पाहिलं आणि मागं गेलो. हात आपटला, फुसका आवाज आला, पोरं हसली. मी तसाच पडून राहिलो. छताला, पंख्याजवळ, कुठल्याशा लग्नातल्या कागदी झिरमिळ्या अजून लटकत होत्या. माणूस मोठा झाला की छत बघायचं सोडून देतो.

बाबा पाळीवरून आले की म्हणायचे, "जरा पाठ टेकतो." उन्हाळ्यात आम्ही संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायचो, तापलेला स्लॅब चर्र करायचा, वाफ निघायची. मग बाजा टाकायच्या. बाबा उताणे पडून वर बोट दाखवायचे. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, आणि मागचे तीन म्हणजे ती पळवून नेणारे तीन चोर. पहिला चोर सांगून व्हायचा. दुसऱ्यापर्यंत त्यांचा आवाज जड व्हायचा. तिसऱ्या चोराचं पुढं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.